रक्तपेढीचा फोन आणि काकूचं ताट

ही पोस्ट लिहू की नको, यात पंधरा दिवस गेले. दोनदा लिहून खोडली. शेवटी बायको म्हणाली, "लिहायचं असंल तर पूरं लिहा. अर्धं लिहाल तर उरलेलं लोक आपल्या मनानं भरतीन." म्हणून पूर्ण लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता. आमचं कृषी केंद्र, दरवर्षी शिवजयंतीला गावात होणारं रक्तदान शिबिर, आणि त्या दिवशी माईकवरून माझं ठरलेलं भाषण. "रक्त द्या, कोणाचा तरी जीव वाचवा, घाबरू नका." मी स्वतः वीस-बावीस वेळा रक्त दिलंय. दुकानात काउंटरच्या मागं प्रमाणपत्रं लावली आहेत.

यंदाही १९ फेब्रुवारीला शिबिर झालं. मीही दिलं. चहा-बिस्किट खाल्लं, फोटो टाकला, तुम्ही लाईक केला.

आठ-नऊ दिवसांनी दुपारी फोन आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हरभऱ्याची सोंगणी सुरू होती, सगळं गाव वावरात.

"तुम्ही शिबिरात रक्त दिलं होतं न? एकदा रक्तपेढीत येऊन जा."

"कायले?"

"फोनवर नाही सांगता येत. आधार कार्ड घेऊन या."

एवढंच. फोन बंद.

आता ज्याला कळतं त्याला कळतं. दान केलेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस म्हणजे गुप्तरोग, आणि मलेरिया. हे मीच तर दरवर्षी माईकवर सांगत होतो. "रक्त दिलं की पाच तपासण्या फुकटात होतात भाऊ!" लोक हसायचे. त्या दुपारी मला त्या पाचपैकी एकच नाव आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. कोणत्या शहरात, कोणती रक्तपेढी, ते सांगत नाही. माझा राग तिथल्या कोणा एका माणसावर नाही. काउंटरवर चार-पाच लोक उभे होते, कोणाच्या तरी पेशंटसाठी पिशवी न्यायला आलेले. आतल्या मुलानं रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं, मान वर न करता म्हणाला, "तुमचं एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलंय. सरकारीत जाऊन कन्फर्म करून घ्या. इथं सही करा."

माझ्या बाजूला उभा असलेला माणूस एक पाऊल मागं सरकला. एकच पाऊल. कदाचित त्याला पिशवी ठेवायला जागा हवी असेल. पण मला ते पाऊल अजून दिसतं.

सही केली. ती माझी सही वाटतच नव्हती.

त्यानंतरचे चार दिवस कसे गेले ते सांगतो, कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मी कोणालाच काही बोललो नाही. रात्री चादरीत मोबाईल घेऊन वाचत बसायचो. ताप येतो, वजन घटतं, गाठी येतात. मानेला हात लावून गाठ शोधायचो, आणि शोधली की सापडायचीच. दुकानात बियाणं-खत मोजायचा काटा आहे, त्यावर दिवसातून तीनदा उभा राहिलो. सकाळी एक्काहत्तर, दुपारी सत्तर. झालं, वजन घटायला लागलं! दाढी करताना कापलं तर ब्लेड कागदात गुंडाळून लांब उकिरड्यावर टाकून आलो. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमच्या ताटातला एक घास द्या न," तर ताट बाजूला ओढलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली.

सोबत जेवल्यानं, एकाच ताटात खाल्ल्यानं, मिठी मारल्यानं, डास चावल्यानं हा विषाणू जात नाही, हे मला पाठ आहे. शिबिराच्या बॅनरवर मीच छापून घेतलंय. तरी हात ताटाकडं गेला.

आणि ताट ओढल्या क्षणी मला काकू आठवली.

आता इथून पुढचं काकूच्या परवानगीनं लिहितोय. नाव-गाव देत नाही, ओळखू येईल अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात.

माझे धाकटे काका ट्रकवर ड्रायव्हर होते. नव्वदच्या दशकात नागपूर-हैदराबाद रोडवर चालायचे. हिंगणघाट, पांढरकवडा, पिंपळखुटीचा नाका, मग आदिलाबाद. कापसाच्या गाठी घेऊन जायचे, येताना जे मिळेल ते. घरी आले की आम्हा पोरांसाठी खाऊ, गाणी, नवनवीन शहरांच्या गोष्टी. २००० च्या सुमारास ते खंगत गेले. जुलाब थांबेनात, ताप जाईना. आधी कोणी करणी म्हटलं, मग पोटात काही गेलंय म्हटलं. दोन-तीन भगत झाले. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, आणि तिथल्या डॉक्टरनं निकाल काकांना न सांगता व्हरांड्यात सगळ्यांसमोर आजोबांना सांगितला. संध्याकाळपर्यंत गावात पोचला. आम्ही घरी पोचायच्या आधी.

काकांची खाट कोठ्याच्या बाजूच्या खोलीत गेली. ताट, वाटी, गिलास वेगळा. माय जेवण वाढायची आणि मी ते नेऊन उंबऱ्याच्या आत ठेवायचो. आत जायचो नाही. वीस वर्षांचा होतो, कॉलेजात शिकत होतो, पुस्तकात वाचलं होतं की असं पसरत नाही. तरी उंबऱ्यावर ताट ठेवून पायानं आत ढकलायचो. हातानं नाही. पायानं. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

काका २००२ मध्ये गेले. काकूचं रक्त तपासलं, तेही पॉझिटिव्ह. नवऱ्याकडूनच आलेला संसर्ग, दुसरा रस्ताच नव्हता. पोरगी चार वर्षांची, ती निगेटिव्ह निघाली. तेरवी झाली आणि काकूला माहेरी "काही दिवस" पाठवलं. ते काही दिवस आजपर्यंत संपले नाहीत. काकाच्या वाट्याचं वावर आमच्याकडंच राहिलं. कोणी विचारलं तर घरातले म्हणायचे, "तिलेच तिकडं बरं वाटते."

आता हिशेब बघा. एड्सचं औषध, म्हणजे एआरटी, सरकारनं मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. तेही आधी देशातल्या मोजक्याच ठिकाणी. काका त्याच्या दोन वर्षं आधी गेले. काकू टिकून राहिली. पुढं जवळच औषध मिळायला लागलं आणि ती आज जिवंत आहे, धडधाकट आहे, शिवणकाम करते. पोरीचं लग्न केलं तिनं. आम्हाला पत्रिका आली होती. आमच्याकडून कोणी गेलं नाही.

तर चौथ्या रात्री मला कोणाशी तरी बोलणं भाग होतं. आणि अख्ख्या नात्यागोत्यात, मित्रांत, व्हॉट्सअ‍ॅपच्या चाळीस ग्रुपांत, मला ज्या एका माणसाला फोन करता येईल असं वाटलं ती काकू होती. जिला आम्ही घरातून काढलं ती. नंबर आत्याकडून घेतला, खोटं कारण सांगून.

"काहून रे, आवाज असा काहून येऊन राहिला?" वीस वर्षांनी फोन केला तर पहिलं वाक्य हे.

मी सगळं सांगितलं. ती मधे बोलली नाही. मग म्हणाली, "एकच तपासणी झाली?"

"हो."

"मंग अजून काहीच झालं नाही. एका तपासणीवर कोणी पॉझिटिव्ह नसते. सरकारी सेंटरवर जाय. पयले तपासून घे, भ्यायचं मंग भिजो."

मी म्हटलं, नागपूरला जाऊन खाजगी लॅबमध्ये दुसऱ्या नावानं करतो.

"खोट्या नावाचा रिपोर्ट खऱ्या नावाच्या माणसाले कसा लागू होईन? यवतमाळले जाय. तिथं कोणी तुले खाणार नाही."

मग थोडं थांबून म्हणाली, "अन् पॉझिटिव्ह निघाला तं मले फोन कर. मी हावो न. निगेटिव्ह निघाला तरी कर."

फोन ठेवून मी किती तरी वेळ दुकानाच्या शटरजवळ बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. शेजारी गावातलाच एक जण. "कुठं चालले भाऊ?" म्हटलं, कृषी कार्यालयात लायसनचं काम आहे. बसस्टँडवर उतरल्यावर तो दिसेनासा होईपर्यंत रसवंतीवर उभा राहिलो. उसाचा रस नुसता हातात धरून.

सरकारी दवाखान्यातलं ते केंद्र म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, लोक आयसीटीसी म्हणतात. छोटी खोली, एक टेबल, दार बंद. समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं, मग बसा म्हटलं, मग नाव विचारलं. रक्तपेढीतल्या काउंटरनंतर ते लागलेलं दार मला किती मोठं वाटलं, ते सांगता येत नाही.

त्यांनी विचारलं, मी उत्तरं दिली. लग्नाआधीचा एक प्रसंग होता. तपशिलात जात नाही. तो मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत बोललो. त्यांनी भुवई वर केली नाही की उपदेश केला नाही. वहीत काही तरी टिपलं आणि विचारलं, "याआधी शेवटचं रक्त कधी दिलं होतं?"

"सप्टेंबरात."

"तेव्हा रक्तपेढीतून फोन आला होता?"

"नाही."

"म्हणजे त्या वेळी काही आलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीतून आता फेब्रुवारीत पहिल्यांदा येईल का?"

वीस-बावीस वेळा रक्त दिलं म्हणजे वीस-बावीस वेळा तपासणी झाली. ही साधी गोष्ट चार रात्रींत मला एकदाही सुचली नव्हती. भीतीला हिशेब येत नाही.

मग त्यांनी कागदावर समजावलं. ते जसंच्या तसं सांगतो, कारण मला वाटतं हे प्रत्येक गावात सांगितलं गेलं पाहिजे.

आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. आता धरा, एक चाचणी खूप चांगली आहे, पण हजारात पाच निरोगी लोकांना चुकून "रिअ‍ॅक्टिव्ह" दाखवते. हजार लोक तपासले तर खरे दोन सापडतील आणि चुकीचे पाच. सात लोकांना फोन जाईल, त्यातले पाच जण निरोगी. मशीन खराब नाही, कोणी बेपर्वाई केली नाही, तरी असं होतं. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम अशी ठेवलेली असते की थोडी जरी शंका आली तरी पिशवी बाद व्हावी. कारण ती पिशवी कोणाच्या तरी बाळंतीण बायकोला, कोणाच्या तरी सिकलसेलच्या लेकराला लागणार असते. तिथं शंकेचा फायदा पेशंटला, दात्याला नाही. आणि ते बरोबरच आहे.

पण माणसाला "पॉझिटिव्ह" म्हणायचं असेल तर नियम वेगळा. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या, तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच. एकावर नाही, दोनवर नाही. चाचण्यांचं एकमेकींशी जुळलं नाही तर थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. बहुतेक चाचण्या विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. कधी दुसऱ्या एखाद्या संसर्गानं, कधी शरीराच्या स्वतःच्या गडबडीनं, तर कधी काही कारण न सापडताही चाचणी फसते. आणि उलटही असतं. नुकताच संसर्ग झालेला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत दिसत नाही. म्हणून धोका घडून गेला असेल तर एकदा निगेटिव्ह आलं म्हणून मोकळं व्हायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

माझी लेखी संमती घेतली, रक्त घेतलं. बाहेर बाकावर बसलो. समोरून एक म्हातारी, एक कॉलेजचं पोरगं, एक गरोदर बाई आणि तिची सासू असे येत-जात होते. कोणीच कोणाकडं पाहत नव्हतं. मला वाटलं होतं इथं काही "तसले" लोक असतील. हे तर आमच्या दुकानासमोरून जाणारेच लोक होते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. ताई म्हणाल्या, "रक्तपेढीत रिअ‍ॅक्टिव्ह आलं होतं, म्हणून खात्रीसाठी तीन महिन्यांनी एकदा या. घरी सांगितलंय का?"

नाही म्हटलं.

"सांगा. एकट्यानं तीन महिने काढू नका."

त्या रात्री बायकोला सांगितलं. फोन, रक्तपेढी, काकू, यवतमाळ, आणि तो लग्नाआधीचा प्रसंगही. ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "लग्नाआधीचं मले कायले सांगता? गेल्या वर्षीचं काही असंल तं सांगा."

नाही म्हटलं. खरंच नव्हतं.

मग ती जे बोलली ते मला त्या ताईंच्या हिशेबापेक्षाही जास्त लागलं. ती अंगणवाडी सेविका आहे. म्हणाली, "माही ही तपासणी दोन्ही डाव झाली, दोन्ही पोरांच्या वेळेस. गरोदर बाईची सगळ्यांचीच होते. तेव्हा तुम्ही बाहेर चहा पीत होते. रिपोर्ट काय आला, एकदा तरी इचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं की ही चाचणी होते. म्हणजे ज्या भीतीनं मी चार दिवसांत अर्धा झालो, त्या भीतीतून जिल्ह्यातली प्रत्येक बाई गरोदरपणात एकटी जाते. हातात फाईल घेऊन, रांगेत उभी राहून. आणि रिपोर्टमध्ये काही निघालं तर घरचे तिलाच विचारतात, "कुठून आणलं?" नवऱ्याची तपासणी कोणी आधी करत नाही. आपल्याकडं पुरुष एक तर रक्त देताना तपासला जातो, नाही तर खंगल्यावर. काकासारखा.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून तपासून आली. निगेटिव्ह.

ते तीन महिने सोपे नव्हते. निगेटिव्हचा कागद पाकिटात होता तरी रात्री दोन वाजता उठून पुन्हा वाचायचो. मार्च गेला, एप्रिल गेला, मे महिन्याच्या त्या आगीत दुकानात बियाण्याच्या चौकशीला लोक यायला लागले. बाहेरून सगळं नेहमीसारखं. एखादा म्हणायचा, "भाऊ, बारीक झाले राव!" आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, बायकोला सोबत घेऊन गेलो. पुन्हा तीच खोली, तेच दार. पुन्हा निगेटिव्ह.

काकूला फोन केला. म्हणाली, "चांगलं झालं." मग म्हणाली, "आता माह्या घरी जेवाले येशीन का?"

यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

गेलो. दोघंही गेलो. तिनं भाकर, वांग्याची भाजी, ठेचा केला होता. तिच्या ताटाशेजारी माझं ताट. गोळ्या टीव्हीजवळच्या डब्यात, रोज रात्री एक. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो कमी राहिला तर शारीरिक संबंधातूनही जोडीदाराला जात नाही. आई पॉझिटिव्ह असली तरी वेळेवर औषध सुरू केलं तर बाळ निगेटिव्ह जन्मण्याची शक्यता खूप मोठी असते. २०१७ पासून तर नियमच आहे की निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं, प्रतिकारशक्ती खाली यायची वाट पाहायची नाही. काकूला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी बॅनर छापणारा, ती जगणारी.

जेवताना तिला विचारलं, "तुला राग नाही येत आमचा?"

"येत होता. मंग गोळ्या घ्याच्या का राग घ्याचा, असं झालं."

मित्रांनो, आता मुद्द्याचं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. काकांच्या आजाराच्या आधीच, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं एका सार्वजनिक उपक्रमातल्या रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात सांगितलं होतं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर नुसत्या एचआयव्हीमुळं त्याचं काम काढता येत नाही. काकांच्या ट्रकमालकाला हे कोणी सांगितलं नाही. पुढं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट आहे: संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही तपासणी करायची नाही (रक्तपेढीत पिशवी तपासतात ते वेगळं), कोणाचा निकाल त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, नोकरी-शाळा-दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, आणि बाईला किंवा लेकराला राहत्या घरातून काढायचं नाही. या शेवटच्या ओळीपाशी मी वाचताना थांबलो. काकूसाठी ती सोळा वर्षं उशिरा आली.

पण खरं सांगू का? माझ्या त्या चार रात्रींत मला मरणाची भीती कमी होती. औषध आहे, फुकट आहे, हे मला माहीत होतं. मला भीती होती ती उंबऱ्यावरून पायानं ढकललेल्या ताटाची. मी जे काकांना केलं ते मला कोणी तरी करेल याची. तपासणीला न जाणारे शेकडो लोक विषाणूला कमी आणि आपल्यासारख्यांना जास्त भीत असतील. म्हणजे लोक उशिरा तपासतात, उशिरा औषध घेतात, त्यात आपलाही हात आहे.

म्हणून काही गोष्टी सांगतो.

शिबिर घेणाऱ्यांना: फॉर्मवर प्रत्येक दात्याचा स्वतःचाच मोबाईल नंबर लिहून घ्या. पोरं घाईत आयोजकाचा नंबर टाकतात, मग फोन भलत्यालाच जातो. "पाच तपासण्या फुकट" असं माईकवर सांगू नका. मी सांगायचो, आता नाही सांगणार. ज्याला धोका वाटतो त्यानं शिबिरात रक्त देऊन तपासायचं नसतं, केंद्रावर जाऊन तपासायचं असतं. नाही तर एखादी नुकत्या संसर्गाची पिशवी तपासणीतून सुटून पेशंटपर्यंत जाऊ शकते.

रक्तपेढीवाल्यांना हात जोडून: एक दार, एक खुर्ची, दोन मिनिटं. "एका प्राथमिक तपासणीत शंका आली आहे, याचा अर्थ आजार आहे असा नाही," एवढं एक वाक्य. काउंटरवर नाही.

ज्यांना फोन आलाय किंवा मनात शंका आहे त्यांना: सरकारी आयसीटीसीवर जा. मोफत आहे, गोपनीय आहे. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे. काही धोका नुकताच घडला असेल तर वाट पाहू नका. ७२ तासांच्या आत दवाखान्यात गेलं तर संसर्ग टाळायची औषधं देता येतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मोबाईलवर लक्षणं वाचत बसू नका. खताच्या काट्यावर वजन करू नका.

नवऱ्यांना: बायको गरोदर असेल तर तिच्यासोबत जा आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. बाहेर चहा पीत बसू नका.

रक्तपेढीनं मला सध्या रक्त देऊ नका म्हटलंय. वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर आहे. पुढच्या शिवजयंतीला मी खुर्च्या लावीन, फॉर्म भरीन.

एक गोष्ट अजून अर्धीच आहे. मागच्या आठवड्यात बाबांजवळ काकाच्या वावराचा विषय काढला. सातबाऱ्यावर काकू आणि तिच्या पोरीचं नाव लागलं पाहिजे, म्हटलं. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पेरणी होऊ दे, पाहू." मी म्हटलं, पेरणीच्या आधीच तलाठ्याकडं जाऊ. त्यांनी उत्तर दिलं नाही. फेरफार अजून झालेला नाही. झाला की इथंच सांगीन. नाही झाला तर तेही सांगीन.

काकूला ही पोस्ट वाचून दाखवली. तिनं एकच बदल सुचवला. मी "एड्सग्रस्त काकू" लिहिलं होतं. म्हणाली, "ग्रस्त काढ. मी काही ग्रस्त नाही. नुसतं काकू लिह्य."

काढलं.